भेकरामागे पळणाऱ्या कुत्र्याला जंगलात मोकळं सोडावं का?

नमस्कार दादा, तुमचा प्रश्न बुधवारीच वाचला होता पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाही म्हणून आज वेळ काढून बसलेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांनी महाबळेश्वरच्या खालच्या बाजूला बंगला भाड्याने घेतलाय, घरूनच काम चालतं, सोबत ब्रुनो आहे, अडीच वर्षांचा, लॅब्रॅडॉर (लॅब) आणि देशी मिक्स. रोज पहाटे बंगल्यामागच्या रानातल्या पाऊलवाटेने ते त्याला मोकळा सोडून फिरवतात. गेल्या आठवड्यात कारवीच्या झुडपांतून भेकर, म्हणजे ते भुंकणारं लहान हरीण, उठलं, ब्रुनो मागे सुटला आणि पन्नास मिनिटांनी परत आला, धापा टाकत, पंजे सोललेले. यांचं म्हणणं असं की तो चावत वगैरे नाही, नुसता पळतो, मग त्यात एवढं काय बिघडलं, आणि हाक मारल्यावर हमखास मागे फिरावा म्हणून शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळपट्टा, घेऊ का.

मी वाईला असते, सतरा वर्षं झाली कुत्र्यांना शिकवतेय, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कुत्रे पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा या भागातल्या बंगल्यांवरचे आणि फार्महाऊसवरचे. त्यामुळे हा प्रश्न दर सीझनला एकदा तरी येतोच.

आधी एक गोष्ट. तुम्ही हा हाकेचा प्रश्न समजताय, ब्रुनो ऐकत नाही म्हणून ऐकायला शिकवायचं. मला तसं वाटत नाही. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे घरी, अंगणात, रस्त्यावर तो हाकेला येतो. म्हणजे हाक त्याला कळते. भेकर उठल्यावर मात्र त्याच्या डोक्यात जे चालू होतं त्यापुढे तुमची हाक, तुमच्या खिशातलं बिस्किट, तुमचा राग, काहीच टिकत नाही. पाठलाग ही कुत्र्यासाठी स्वतःच एक बक्षीस असते. पकडलं काय आणि नाही पकडलं काय, पळण्यातच त्याला सगळं मिळतं. एकदा मिळालं की दुसऱ्या वेळी तो भेकर दिसायची वाट बघत नाही, त्याच वळणावर नाक खाली घालून शोधायलाच लागतो. ब्रुनोला एकदा मिळालंय, म्हणून घाई आहे.

आता "नुसता पळतो" याबद्दल. माझ्याकडे पूर्वी राणी नावाची कारवानी कुत्री होती, लातूरकडून आणलेली. कारवानी म्हणजे नजरेने शिकार करणारी जात, हलतं काही दिसलं की बाण सुटावा तशी सुटते. मी तेव्हा नवीन होते, मला माझ्या ट्रेनिंगवर फार भरवसा होता. एका सकाळी तिने भेकराची मादी उठवली आणि ओढ्यापर्यंत पळवली. मी पोचले तेव्हा राणी काठावर उभी होती आणि भेकर ओढ्यातल्या दगडांत, गुडघाभर पाण्यात. अंगावर एक ओरखडा नाही. तोंड उघडं, जीभ एका बाजूला, पोटाच्या बाजू भात्यासारख्या हलतायत आणि मागचे पाय थरथरतायत. मी राणीला पट्टा लावून ओढत लांब नेलं. मनात म्हटलं, वाचलं बिचारं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गुराखीदादांनी सांगितलं की ओढ्याच्या वरच्या अंगाला भेकर मरून पडलंय. मी जाऊन पाहिलं, तीच. कान फाटलेला होता म्हणून ओळखता आली. कुठे चावा नाही, जखम नाही.

याला जनावरांचे डॉक्टर कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. भीती आणि अतिश्रम एकत्र आले की स्नायूंमधे आम्ल साचतं, स्नायू आतल्या आत तुटायला लागतात, तुटलेल्या स्नायूंमधला घटक रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते बंद पाडतो, कधी हृदयच थांबतं. जनावर तासाभरात मरतं किंवा दोन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे तुम्ही घरी येऊन चहा घेत असता, कुत्रा झोपलेला असतो, आणि तिकडे ते मरत असतं. पळवलेलं प्रत्येक भेकर मरतं असं अजिबात नाही, बरीच वाचतात. पण कुठलं वाचलं ते आपल्याला कधीच कळत नाही. भेकर मुळात लांब पळायच्या बांध्याचं नाही, लहानखुरं जनावर, वीस-पंचवीस किलोचं, थोडं अंतर झपकन जाऊन झुडपात शिरायचं ही त्याची पद्धत. वास घेत मागे लागणारा कुत्रा त्याला झुडपात थांबूच देत नाही, आणि ब्रुनो तर पन्नास मिनिटं गायब होता.

त्यात भेकराचा पिल्लांचा ठराविक सीझन नसतो, वर्षभर कधीही पिल्लू होतं. त्यामुळे "उन्हाळ्यात सोडतो, पावसाळ्यात नाही" असा हिशोब इथे चालत नाही. आई पिल्लाला दाट झाडीत लपवून चरायला जाते, पिल्लू दगडासारखं निपचित पडून राहतं. आई पळवून लावली तर पिल्लू तिथेच उपाशी. आणि कधी असं पिल्लू दिसलं तर कृपा करून उचलून घरी आणू नका, आईने टाकलं असं समजून लोक आणतात आणि ते जगत नाही. कुत्र्याला घेऊन तिथून निघून जायचं, जखमी दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता ब्रुनोच्या बाजूने बघा. भेकराच्या नराला वरच्या जबड्यात सुळे असतात, बाहेर आलेले, आणि कोंडीत सापडला की तो ते वापरतो. माझ्याकडे आलेल्या एका डॉबरमनच्या खांद्यावर ब्लेडने कापावी तशी फट होती, मालकाला वाटलं तारेचं कुंपण लागलं. सांबर असेल तर खूर बसतो, एका लाथेत कुत्र्याची बरगडी जाते. गवा असेल तर गोष्टच वेगळी, कुत्रा भुंकून गव्याला डिवचतो आणि मग घाबरून पळत येतो तो थेट मालकाकडे, मागे गवा. शिवाय आपल्या डोंगरात डुकरांसाठी लावलेले तारेचे फासे असतात, काही ठिकाणी पिठात वगैरे लपवलेले गावठी बॉम्ब असतात, कुत्र्याने तोंडात धरला की जबडा उडतो. पळणारा कुत्रा यातलं काहीच बघत नाही.

आणि बिबट्या. तुम्ही पहाटे निघता असं लिहिलंय, अंधार असतानाच, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. अकोले तालुक्यात वस्तीजवळच्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही जास्त. भेकर जिथे आहे तिथे बिबट्या आहे असंच धरून चाला. भेकर पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतं, बिबट्याही त्याच वेळी. त्यामुळे पहिला बदल फुकटचा आहे, वेळ बदला. चांगलं ऊन पडल्यावर, साडेआठ-नऊला निघा, संध्याकाळी पाचच्या आत परत या. इतका साधा बदल केला तरी भेकराशी गाठ पडणं बरंच कमी होतं.

अजून एक कानाची सवय लावून घ्या. रानात कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला, एकच भुंकणं, मग थांबून पुन्हा एक, असं बराच वेळ, तर तो बहुतेक कुत्रा नसतो, भेकर असतं. त्याला धोका जाणवलाय म्हणून ते ओरडतंय. धोका तुम्ही असाल किंवा बिबट्या असेल. दोन्ही बाबतीत करायचं एकच, ब्रुनोला जवळ घ्यायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं.

कायद्याचंही सांगते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेताच येत नाही, कोयना, चांदोलीकडे जाताना हे लक्षात ठेवा. बाकी ठिकाणी ते रान कोणाचं यावर अवलंबून आहे, राखीव वन आहे, गावचं गायरान आहे की मालकीचं, आणि आपल्याकडे हे तिन्ही एकमेकांना चिकटून असतात, बघून कळत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तुमच्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकांना जाऊन विचारा, गट नंबर सांगितला तर सीमा दाखवतात. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधे शिकार या शब्दाचा अर्थ फक्त मारणं एवढा नाही, पकडणं, हाकणं, पाठलाग करणं, इजा करणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. "माझा कुत्रा नुसता पळाला" हे तुम्हाला वाटतं, समोरच्या वनरक्षकाला तसंच वाटेल असं नाही.

मग करायचं काय. इथून पुढचं सगळं कुत्र्यावर अवलंबून आहे हे आधीच सांगते. शुद्ध लॅब असता तर मी थोडी निवांत असते, बीगल किंवा कारवानी असता तर सरळ म्हटलं असतं की भेकराच्या रानात आयुष्यभर पट्टा. ब्रुनो मधला आहे. देशी रक्त म्हणजे डोकं चांगलं, लवकर शिकतो, पण स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. वय अडीच, म्हणजे सवय पक्की व्हायच्या आत आपण आहोत. एकच पाठलाग झालाय, दहा झाले असते तर मी वेगळं बोलले असते.

पहिली गोष्ट लांब दोरी, दहा मीटर. पेट शॉपमधे मिळते पण मी वाईच्या बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या पट्टीची करून घेते, दोन बोटं रुंद, एका टोकाला जाड पितळी हूक. दुसऱ्या टोकाला हातात धरायचा लूप करायचा नाही, तो कारवीच्या खुंटात अडकतो, आणि तुम्ही मनगटात घातलात तर कुत्र्याने झटका दिल्यावर मनगट जातं. कपडे वाळत घालायची गोल दोरी अजिबात नको, हातातून सरकली की तळवा भाजतो. ही पट्टी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, हार्नेसला लावायची, पाठीवरच्या कडीत. दहा मीटर पळून झटका बसला आणि तो मानेवर बसला तर श्वासनळीला इजा होते. बटण दाबून सुटणारे ते गुंडाळी पट्टे जंगलात वापरू नका, त्यांची दोरी बारीक असते आणि ब्रुनोसारख्या तीस किलोच्या कुत्र्याच्या झटक्याला तुटते, मी तुटलेली पाहिलीय.

दहा मीटर म्हणजे कुत्र्याला कमी वाटत नाही. तो वास घेतो, मागे राहतो, पुढे जातो, पाण्यात उतरतो. भेकराच्या लेंड्यांचा वास घेऊ द्या, खाऊ देऊ नका. कुत्र्याला फिरायला जाण्यात पळण्यापेक्षा वासाचं सुख जास्त असतं, अर्धा तास मन लावून हुंगू दिला तर तो घरी येऊन पळून आल्यासारखाच झोपतो. करून बघा.

दुसरी गोष्ट, तो क्षण ओळखायला शिका. भेकर दिसल्यावर कुत्रा लगेच पळत नाही. आधी थिजतो. तोंड मिटतं, धापणं थांबतं, कान पुढे येतात, शेपूट ताठ, कधी पुढचा एक पाय उचललेला, नजर एका जागी. हा एक-दोन सेकंदांचा वेळ असतो आणि तुमच्या हातात फक्त तेवढाच असतो. या वेळात हाक पोचते, सुटल्यावर पोचत नाही. म्हणून फिरताना मोबाइल खिशात, नजर कुत्र्याच्या कानांवर. माझे बरेचसे क्लायंट इथेच कमी पडतात, कुत्रा सुटल्यावर त्यांना कळतं की भेकर होतं.

तिसरी गोष्ट शिट्टी. हाकेत तुमची भीती येते, राग येतो, शिट्टीत येत नाही आणि ती लांब जाते. साधी रेफरीची शिट्टी चालेल. पहिले दहा दिवस फक्त घरात, दोन छोट्या फुंका आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा कलेजीचा तुकडा. बिस्किट नाही. ही शिट्टी म्हणजे आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट असं त्याला वाटलं पाहिजे. दिवसातून पाच-सहा वेळा, बस. मग अंगणात, मग मोकळ्या माळावर दोरी लावून, मग रानात दोरी लावून. शिट्टीवर आला आणि तुम्ही त्याला ओरडलात किंवा लगेच बांधून घरी नेलंत तर केलेलं सगळं वाया. आला की तुकडा, आणि पुन्हा "जा, हुंग" म्हणून मोकळीक. दहातल्या नऊ वेळा येऊन परत जायला मिळतं हे कळलं की दहाव्या वेळीही तो येतो.

त्याच्या जोडीला मी एक गोष्ट करून घेते, ती शेळ्यांच्या कळपावर. तुमच्याकडे धनगर येत असतील, त्यांना विचारून, लांबून, साठ-सत्तर मीटरवर, ब्रुनोला दोरीवर घेऊन उभं राहायचं. त्याने शेळ्यांकडे बघितलं की ओढायचं नाही, रागवायचं नाही, थांबायचं. ज्या क्षणी तो स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघेल त्या क्षणी शिट्टी आणि चिकन. बघणं चालेल, बघून माझ्याकडे वळणं फायद्याचं, एवढंच त्याला शिकवायचंय. हळूहळू अंतर कमी करायचं, पण घाई केलीत आणि तो ताणून भुंकायला लागला तर दहा पावलं मागे. हे दोन महिन्यांचं काम आहे, कधी चार. पळायची हौस बंगल्याच्या कुंपणात भागवा, काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून पळवायची, त्याने पकडली की सोड म्हणायचं, सोडली की पुन्हा पळवायची.

शॉक कॉलरबद्दल स्पष्ट सांगते, मी वापरत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. पाठलागाच्या नशेत असलेल्या कुत्र्याला कमी करंट जाणवत नाही, जास्त दिला तर तो कशामुळे बसला हे त्याला कळत नाही. एका क्लायंटच्या जर्मन शेफर्डला दोनदा बसला तेव्हा शेजारून गावातल्या बाई मोळी घेऊन चालल्या होत्या, त्यानंतर तो मोळीवाल्या प्रत्येक बाईवर धावून जायला लागला. ते सुटायला सात महिने गेले. भेकरामागे पळणं मात्र तसंच राहिलं.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढंच, वेळ बदला, दोरी लावा, कानांवर नजर ठेवा, शिट्टी पक्की करा. हे झाल्यावर दोरी सुटेल का? माझं प्रामाणिक उत्तर, कुंपणाच्या आत किंवा उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जिथे तुम्हाला चहूबाजूंनी लांबपर्यंत दिसतं आणि ब्रुनोच्या आधी तुम्हाला जनावर दिसतं, तिथे सहा महिन्यांनी सुटू शकेल. कारवीत, अंजनीच्या दाट रानात, नाही. माझ्या आत्ताच्या कुत्र्याचं शिकवणं ब्रुनोपेक्षा बरंच पुढे आहे, तो तिथे दोरीवरच असतो.

तरी कधी सुटला तर मागे पळू नका. तुम्ही पळालात की त्याला वाटतं तुम्हीही शिकारीत आहात. जिथून सुटला तिथेच थांबा, दर दोन मिनिटांनी शिट्टी, बहुतेक कुत्रे आपल्याच वासाच्या मागावरून सुटल्या जागी परत येतात. तासभर झाला तर अंगातला शर्ट तिथे ठेवून वाटेवरच्या वस्तीत सांगा, गुराख्यांना सांगा, त्यांना रान माहीत असतं. जीपीएस कॉलरवर विसंबू नका, बहुतेक मोबाइलच्या नेटवर्कवर चालतात आणि आपल्या दऱ्यांत रेंज नसते. गळपट्ट्यावर नाव नको, फोन नंबर शिवून घ्या. आणि परत आल्यावर मारू नका, कितीही राग आला तरी.

राहिलं लसीकरणाचं. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) दोन्हीच्या लसी वेळेवर झाल्या नसतील तर लसी होईपर्यंत रानात नेऊच नका. २०१८ मधे गीरमधे सिंहांना डिस्टेंपर झाला, वीसहून जास्त सिंह गेले, आणि कुत्रे हे या आजाराचं मोठं घर आहे. आपल्या सह्याद्रीत बिबटे आहेत, उदमांजरं आहेत, कोयना-चांदोलीकडे रानकुत्री आहेत, या सगळ्यांना तो होऊ शकतो.

आणि हे आजच करा. ब्रुनोचे पंजे कोमट पाण्यात थोडं मीठ घालून धुवा, बोटांच्या मधे काटा राहिलाय का बघा. मग गोचीड शोधा, कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी आणि गळपट्ट्याखाली. सापडली तर रॉकेल वगैरे लावू नका, चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. गोचीड ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, म्हणून महिनाभर लक्ष ठेवा. खाणं कमी झालं, अंग गरम लागलं, हिरड्या पांढरट दिसल्या तर रक्त तपासून प्लेटलेट बघून घ्या, आणि नाकातून रक्त आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.